आईच्या बाथरूममधली हिरवी वायर

आईचा उजवा खांदा मागच्या डिसेंबरपासून धरलाय. फ्रोझन शोल्डर. शुगर असलेल्यांना हे जास्त होतं असं डॉक्टर म्हणाले, व्यायाम चालू आहेत, पण हात मागे म्हणून जात नाही. साडी सोडून गाऊनवर आली, केस मी विंचरून देते, हे सगळं तिने मुकाट्याने मान्य केलं. पण एक गोष्ट ती बोललीच नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. रात्रीचं जेवण ती कमी कमी करत गेली, आधी भात बंद, मग एकच पोळी, मग नुसतं ताक, आणि मी आपली समजत होते की वयामुळे भूक मंदावली असेल. शुगरच्या गोळ्या चालू असताना रात्री असं उपाशी झोपणं किती वाईट हे मला माहीत होतं तरी माझ्या डोक्यात आलं नाही. मग एका संध्याकाळी ती पाऊण तास बाथरूममधून बाहेर येईना, दार वाजवलं तर आतून रडवेला आवाज. डाव्या हाताने जेट स्प्रे धरायला गेली, तो हातातून सुटला, गाऊन, भिंत, फरशी सगळं ओलं आणि ती भिंतीला धरून उभी. तेव्हा कळलं की सकाळी जायला लागू नये म्हणून ती रात्री जेवतच नव्हती.

त्या रात्री मी बिडे सीटची माहिती काढायला बसले. म्हणजे आपल्याच कमोडवर बसणारी, आतून नळी बाहेर येऊन पाण्याची धार सोडणारी सीट, हाताचं कामच नाही. माझा मामेभाऊ नागोयाला असतो, तो फोनवर म्हणाला अगं इकडे घरोघरी हेच आहे, टोटो कंपनीने १९८० साली वॉशलेट नावाने आणलं आणि आता ते नसलेलं घर शोधावं लागतं, मी येताना घेऊनच येतो. मला फार बरं वाटलं, पण दोन दिवसांनी त्याचाच फोन आला की नको, इथली वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३०, तशीच लावली तर जळेल, आणि व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावायचा म्हणजे तो जड लोखंडी डबा बाथरूमच्या ओलाव्यात ठेवायचा. ते बाद झालं. बाहेरून कोणी प्रेमाने आणून देत असेल तर आधी मागची व्होल्टची पट्टी वाचायला सांगा, एवढं मात्र सांगते.

आपल्याकडे बिनविजेच्या सीट मिळतात, दोन-चार हजारात, बाजूला एक नॉब असतो तो फिरवला की धार. वीज नाही त्यामुळे धोका कमी, आणि बहुतेक घरांना तेवढी पुरेशी आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. पण आम्ही पाहिलेल्या सगळ्यांत नॉब उजव्या हाताला आणि आईचा तोच हात धरलेला, शिवाय पुण्यात डिसेंबर-जानेवारीत टाकीचं पाणी सकाळी इतकं गार असतं की तिला ते सहन झालं नसतं. म्हणून रिमोटवाली विजेची घ्यायची ठरलं. त्यातही दोन प्रकार आहेत. एकात छोटी टाकी असते आणि पाणी आधीच कोमट करून ठेवलेलं असतं, वीज कमी ओढते पण मिनिटभरात कोमट पाणी संपतं. दुसऱ्यात पाणी जाता जाता तापतं, संपत नाही, पण तेवढ्या वेळापुरती वीज भरपूर ओढते. आईला वेळ लागतो त्यामुळे आम्ही दुसरी घेतली, तिच्या पट्टीवर १४०० वॅट लिहिलंय, म्हणजे साधारण सहा अँपिअर. मोबाइल चार्जर लावतो त्या ६ अँपिअरच्या पॉइंटचं हे काम नाही, याला १६ अँपिअरचा मोठा पॉइंटच लागतो.

मापं घ्यायला मी पेपर वापरला. जुनी सीट काढली, कमोडच्या कडेवर वर्तमानपत्र पसरून पेन्सिलने गिरवून साचाच कापला. बोल्टच्या दोन भोकांमधलं अंतर १४ सेंटीमीटर निघालं, भोकांपासून पुढच्या कडेपर्यंत ४६, आणि भोकांपासून मागच्या फ्लश टँकपर्यंत किती जागा आहे हेही बघायचं असतं कारण सीटचा मागचा भाग जाडजूड असतो, तो टँकला टेकला तर झाकण उभं राहत नाही. तो साचा घेऊनच दुकानात गेले आणि नमुन्याच्या सीटवर ठेवून बघितला. कमोड पुढे चौकोनी असेल तर गोल सीट बसत नाही हे तिथे लगेच दिसतं.

सीट घरी आली, दुसऱ्या दिवशी दुकानाकडून फिटिंगवाला मुलगा आला. वागायला चांगला होता, घाईत होता. बाथरूम बघून म्हणाला ताई, गीझरच्या पॉइंटवरूनच एक्स्टेंशन टाकतो, दहा मिनिटांत होईल. मी म्हटलं एक्स्टेंशन बाथरूममध्ये? म्हणे टेप मारून देतो पक्की. मग त्याने टेस्टर लावून बघितला आणि सहज बोलून गेला की अर्थिंग काही दिसत नाहीये इथे, पण सीट प्लास्टिकची आहे, काही होत नाही, आणि वाटलंच तर न्यूट्रलमधून लूप मारून अर्थिंग काढून देतो. हे वाक्य माझ्या कानाला खटकलं. माझे वडील एमएसईबीत होते, ते आता नाहीत, पण लहानपणापासून घरात ऐकलेलं की न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, आणि अर्थिंग सॉकेटमध्ये एकमेकांना जोडायचं नाही म्हणजे नाही. कारण सोपं आहे, मागे कुठे न्यूट्रल तुटला की जी वायर तुम्ही संरक्षणासाठी लावली तीच वायर करंट आणून वस्तूच्या अंगावर सोडते, आणि तिथे माणूस ओल्या अंगाने बसलेला असतो. मी त्या मुलाला चहा दिला, त्याचे येण्याचे पैसे दिले आणि काम आज नको म्हटलं. आई म्हणाली अगं एवढा माणूस आलाय, करून टाकू दे ना. तिला किती घाई असेल मला कळत होतं, तरी नाही म्हटलं.

मग बाबांच्या ओळखीतले एक वायरमन काका शोधले, लायसन्सवाले, आता साठीला आलेत. त्यांनी सीटकडे बघितलंसुद्धा नाही, आधी डीबी बॉक्स, म्हणजे घरातले मेन स्विच असतात ती पेटी, उघडला. आमची बिल्डिंग २००३ सालची, धायरीतली, तळमजला धरून पाच मजले. बॉक्समध्ये एक मोठा स्विच आहे, मी आजवर समजत होते की शॉकपासून वाचवणारा तो हाच. काका म्हणाले यावर टी लिहिलेलं बटण दाखव बघू. नव्हतंच. तो नुसता मेन स्विच निघाला, वीज चालू-बंद करण्यापुरता. शॉकपासून वाचवणाऱ्या आरसीसीबीवर टेस्टचं छोटं बटण असतंच असतं, आणि त्यावर ३० एमए, म्हणजे मिलिअँपिअर, असं लिहिलेलं असतं, म्हणजे एवढासा करंट जरी वाट चुकून माणसातून किंवा भिंतीतून जायला लागला तरी तो क्षणात बंद पडतो. एमसीबी वेगळा, तो वायर जळू नये म्हणून असतो, १६ अँपिअरचा एमसीबी पडेपर्यंत माणूस कधीच गेलेला असतो. काकांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला जास्तच भीती वाटली.

पुढे ते बाथरूममध्ये आले. गीझरचा प्लग काढला, मीटर लावला. फेज, म्हणजे करंटची वायर, आणि न्यूट्रलमध्ये २३४ व्होल्ट. फेज आणि अर्थिंगमध्ये तेवढंच यायला हवं, आलं नव्वदच्या आसपास आणि आकडा डुलत होता. मग त्यांनी पिशवीतून होल्डरमध्ये लावलेला साधा पिवळा बल्ब काढला. फेज आणि अर्थिंगच्या मध्ये लावला, पेटला नाही. तोच बल्ब स्वयंपाकघरातल्या पॉइंटला लावला, लख्ख पेटला. हा प्रयोग घरी कोणी करू नका, अर्थिंग तुटलेलं असेल आणि काही वस्तू जोडलेली असेल तर त्या वस्तूच्या अंगावर करंट जातो, म्हणून तर काकांनी आधी प्लग काढला होता. मेन बंद करून त्यांनी डीबी बॉक्सची मागची पाटी सोडवली, बॅटरी मारली आणि मला म्हणाले ये बघ. आत हिरव्या, म्हणजे अर्थिंगच्या, वायरींचा झुबका, सगळ्या एका पितळी पट्टीवर स्क्रूने बसवलेल्या, आणि एक हिरवी वायर मागे दुमडून ठेवलेली, टोकाचं प्लास्टिकसुद्धा सोललेलं नव्हतं. बाथरूमची. बिल्डिंग बांधली तेव्हापासून ती कुठेच जोडलेली नव्हती. वीस वर्षांच्या वर घरात त्या गीझरखाली अंघोळी झाल्या.

काकांनी तिथल्या तिथे ती वायर सोलून पट्टीवर घेतली, मेन स्विचच्या जागी आरसीसीबी बसवला, पुन्हा मीटरने बघितलं, आता फेज-अर्थिंग बरोबर आलं, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जेमतेम एक व्होल्ट. मला हायसं वाटलं. मग गीझर लावला आणि खटकन सगळं घर अंधारात. परत चालू केलं, गीझर बंद ठेवला, सगळं ठीक. गीझर चालू, की परत अंधार. काका काही बोलले नाहीत, गीझर भिंतीवरून उतरवला, आतली कॉइल काढली. क्षाराचे पांढरे थर, आणि खालच्या वळणावर नखाने जाणवेल एवढी बारीक चीर. त्या चिरेतून करंट पाण्यात येत होता, आणि हिरवी वायर जोडलेली नसल्यामुळे त्याला जायला वाट नव्हती.

आई दारात उभी होती. ती म्हणाली, म्हणूनच का गं गरम नळाला हात लावला की मला झिणझिण्या यायच्या?

हे तिने मला दिवाळीच्या आधी सांगितलं होतं. आणि मी काय म्हटलं होतं, तर शुगरमुळे नसांना होतं तसं, डॉक्टरांना सांगू. डॉक्टरांनाही सांगितलं, त्यांनी गोळीसुद्धा वाढवली. मी स्वतः दुसरं बाथरूम वापरते त्यामुळे मला कधी काही जाणवलं नाही. माझी आई रोज सकाळी त्या नळाला हात लावत होती आणि मी तिला सांगत होते की हे तुझ्या आजारामुळे आहे. म्हाताऱ्या माणसाने नळाला, बादलीला, शॉवरला हात लावल्यावर मुंग्या येतात असं सांगितलं ना, तर आधी गीझर बंद करा आणि वायरमनला बोलवा, डॉक्टरांकडे नंतर जा. हे लिहिताना अजूनही मला गलबलून येतं.

गीझर जुनाच झाला होता, नवीन घेतला. सीटसाठी काकांनी डीबी बॉक्सपासून वेगळी लाइन ओढली, अडीच स्क्वेअर एमएमच्या तीन वायरी, स्वतःचा १६ अँपिअरचा एमसीबी. भिंत फोडली नाही, कारण टाइल्सच्या मागे पाण्याचे पाइप कुठून गेलेत हे नक्की कोणालाच माहीत नव्हतं, आणि एक भोक चुकलं की पाइप तरी फुटतो नाहीतर खालच्यांच्या छतावर ओल येते. बाथरूमवर माळा आहे, त्यातून वायर आणून वरून खाली पाइपमध्ये भिंतीला चिकटून उतरवली, क्लिपांसाठी भोकं पाडताना टाइलवर आधी चिकटपट्टी लावून ड्रिलचा हॅमर बंद ठेवला, एकही टाइल तडकली नाही. सॉकेट कमोडच्या शेजारी पण जमिनीपासून चांगलं तीन फूट वर, शॉवरच्या समोरच्या भिंतीला, वर झाकण असलेल्या वॉटरप्रूफ बॉक्समध्ये. आणि सीटची वायर आधी खाली झुकवून मग वर सॉकेटमध्ये नेली, म्हणजे वायरीवर पाणी पडलंच तर ते झुकलेल्या जागेवरून खाली ठिबकतं, प्लगपर्यंत चढत नाही. स्विच बाथरूमच्या बाहेर, दाराशेजारी, लाल दिव्याचा. सीटची वायर कुठल्या बाजूने निघते आणि किती लांब आहे हे सॉकेट लावायच्या आधी बघा, आमची बसलेल्या माणसाच्या उजवीकडून निघते आणि मीटरभरच आहे, तेवढ्यात पोहोचायला हवं. आणि ही लाइन इन्व्हर्टरवर घेतलेली नाही, एवढा लोड त्याला झेपत नाही.

प्लंबिंग सोपं होतं, पण अर्धा दिवस गेला कारण अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून पाणी सोडणारा छोटा नळ, जाम. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी, कॉक क्षाराने धरून बसलेला. प्लंबर भाऊंनी एकदा पाना लावला आणि लगेच सोडला, म्हणाले जोर केला तर भिंतीतच तुटेल. मग गच्चीवरून आमच्या बाथरूमची लाइन बंद करून घेतली आणि अँगल कॉकच नवीन टाकला. त्यावर सीटबरोबर आलेला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, त्याच्या एका तोंडाला फ्लश टँकचा पाइप, दुसऱ्याला सीटचा. टेफ्लॉन टेप फक्त भिंतीतल्या आट्यांना, जिथे रबरी वायसर आहे तिथे टेप लावायची नाही, आणि प्लास्टिकच्या आट्या हातानेच घट्ट करून पान्याने थोडंसंच, नाहीतर आटा जातो आणि तो रात्री दोन वाजता कळतो. सगळं झाल्यावर प्रत्येक जॉइंटला टिश्यू पेपर गुंडाळून ठेवला, वीज जोडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टीच्या खालचा टिश्यू ओला होता. किंचित आवळला, अजून एक दिवस ठेवला, कोरडा राहिला, मगच प्लग लावला. जुना जेट स्प्रे काढला नाही, वीज गेली की तोच उपयोगी, फक्त वापर झाला की त्याचा कॉक बंद करतो.

पाण्याच्या दाबाचंही बघावं लागतं. मॅन्युअलमध्ये कमीत कमी अर्धा बार दाब हवा असं लिहिलंय, दहा मीटर उंचीवर टाकी असेल तर साधारण एक बार मिळतो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, टाकी सात-आठ मीटर वर, म्हणजे भागतं. पण फ्लश टँक भरत असताना धार बारीक होते, म्हणून आईला सांगितलंय की आधी धुवायचं, मग फ्लश. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना बहुधा छोटा पंप लावावा लागेल.

सीट चालू झाल्यावर पहिलं काम मी केलं ते म्हणजे बसायची जागा गरम करणारं बटण बंद. मॅन्युअलमध्ये ठळक लिहिलंय की म्हातारी माणसं, शुगर असलेली, ज्यांना त्वचेला कमी जाणवतं, त्यांना कोमट वाटणाऱ्या जागेवर बराच वेळ बसूनही भाजू शकतं. आईला पायाच्या तळव्यांना नीट जाणवत नाही, तिला किती तापलंय ते कळणारच नाही. पाण्याची उष्णता सगळ्यात खालच्या पायरीवर, दाबही तसाच कमी. पहिल्या दिवशी मी सीटच्या सेन्सरवर हात ठेवून, धारेपुढे मनगट धरून बघितलं, दोन मिनिटं तसंच, पाणी मध्येच तापत नाही ना याची खात्री केली. रिमोट डाव्या हाताला भिंतीवर लावला. त्यावरची चित्रं आईला चष्म्याशिवाय दिसेनात, तर तिनेच आपली लाल टिकली काढून बंद करायच्या बटणावर चिकटवली, आणि धुवायच्या बटणावर हिरवी. रंगावरून कळतं. चालू करायच्या आधी तिला दहादा बंद करायला शिकवलं.

तीन आठवड्यांनी धार मंदावली. स्विच बंद करून, कॉक बंद करून पाइप काढला तर आतल्या चिमुकल्या जाळीत पांढरी भुकटी भरलेली, जुन्या दातघासणीने साफ केली आणि टीच्या आधी एक छोटा फिल्टर टाकून घेतला. तो आता महिन्याला धुते, त्याच दिवशी डीबी बॉक्सवरचं टी बटण दाबते, घर एक क्षण अंधारतं आणि आतून आईचा आवाज येतो, दाबलंस का गं. एकदा जरी बटण दाबून वीज गेली नाही तर तो आरसीसीबी त्याच दिवशी बदलायचा असं काकांनी बजावलंय.

झिणझिण्या गेल्या. पायातल्या आहेत, त्या शुगरच्या, पण हातातल्या पूर्ण गेल्या. रात्री दोन पोळ्या जेवते.

हे सगळं मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं कारण आमच्या विंगला वायरिंग एकाच माणसाने केलेलं होतं. सुरुवातीला कोणी मनावर घेतलं नाही, मग समोरच्यांनी काकांना बोलावलं, त्यांचंही तसंच, हिरवी वायर मागे दुमडलेली. आत्तापर्यंत पाच घरं बघून झाली, तीन घरांत बाथरूमचं अर्थिंग नव्हतं. खाली दुसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, काका त्यांच्याकडे रविवारी येणार आहेत. तोपर्यंत त्यांचा गीझर मी स्वतः जाऊन बंद केलाय आणि सकाळी सात वाजता गरम पाण्याची बादली त्यांच्या दारात नेऊन ठेवतेय.